सातव्यावरचे दोन ठोके

मंगळवार, १२ मार्च. सकाळी साडेसहाला भट्टीवर पोहोचलो. हवा स्वच्छ, वारा बेताचा. कंपाउंडर बहिणीकडे गेल्यामुळे आज दोघंच खेळले, हे आणि टेलर. यांचे नऊ होल मिळून पंचेचाळीस. सातव्यावर हे पाच म्हणत होते, पण मी पोटातून ठोके दोन ऐकले, म्हणून सहा लिहिले. यांनी मान्य केलं. टेलर त्रेसष्ट. घरी आल्यावर यांच्या हातून चहा सांडला, टेबलक्लॉथ भिजत घातला. दुपारी उशांचे अभ्रे बदलले.

बारा मार्चच्या पानावर एवढंच आहे. अक्षर नेहमीसारखं, उजवीकडे जरासं झुकलेलं, कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी छडी दाखवून घोटून घेतलेलं. शाई निळी. खाडाखोड नाही. तिच्या वह्यांमध्ये खाडाखोड नसायचीच. एकोणपन्नास वर्षांच्या एकोणपन्नास वह्या लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात ओळीने उभ्या होत्या. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा तिने लिहिलं होतं, 'घर स्वच्छ आहे. मागच्या खिडकीला कडी नाही.' नव्या नवऱ्याने ते मागून डोकावून वाचलं.

"आणि माझ्याबद्दल काहीच नाही?"

"तुमच्यात काही बिघाड दिसला की लिहीन," ती म्हणाली.

ते इतके हसले की शेजारीण दारात आली. त्या दिवसापासून ते तिला 'आमचं रजिस्टर' म्हणू लागले.

त्यांना मात्र सगळं गाव मीटरवाले म्हणायचं. वीज कंपनीत त्यांनी बत्तीस वर्षं मीटर वाचले. रोज शंभर-सव्वाशे घरं, जिन्याखालचे कोपरे, कोळ्यांची जाळी, हातात टॉर्च आणि कानामागे पेन्सिल. आकडा बघायचा, कार्डावर उतरवायचा, पुढच्या दाराची कडी वाजवायची. लोक हुज्जत घालायचे. अहो, आम्ही महिनाभर घरात नव्हतो, एवढा आकडा येईलच कसा? मीटरवाले आवाज न चढवता सांगायचे, "वहीत चढला तो आकडा. तक्रार असेल तर ऑफिसात जा." घरातही तेच. भाजी खारट झाली असं तिने वहीत लिहिलं, की त्यांना ती चवदार लागली असली तरी ते मान डोलवत. "वहीत चढलं ना? मग खारटच."

त्यांच्या हद्दीत एक मोठा गोल्फ क्लब होता. मीटरची खोली मागच्या अंगाला, आणि तिच्या जाळीच्या खिडकीतून एक हिरवंगार मैदान दिसायचं. दर महिन्याला तिथे त्यांची पाच मिनिटं जास्त जायची. पांढऱ्या टोपीचा एखादा माणूस काठी फिरवायचा, बॉल उंच जायचा आणि मग सगळे जण बराच वेळ आभाळाकडे बघत उभे राहायचे. "मोठमोठी माणसं गं," ते घरी येऊन सांगायचे, "आणि एका एवढ्याशा गोळीसाठी तोंड उघडं टाकून उभी!" चेष्टा करायचे, पण पुढच्या महिन्याची वाटही बघायचे.

निवृत्तीच्या आठवड्यात शेवटचं रीडिंग घ्यायला गेले तेव्हा क्लबच्या स्टोअरकीपरने त्यांच्या हातात एक वाकलेली काठी ठेवली. फेकायचीच होती म्हणाला. मीटरवाल्यांनी ती वेल्डिंगवाल्याकडून सरळ करून घेतली, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गावाबाहेरच्या बंद वीटभट्टीवर गेले.

ती भट्टी बंद पडून वीस वर्षं झाली होती. माती उपसून केलेले खड्डे, अर्ध्या विटांचे ढीग, एक उंच धुराडं, मधून गेलेली घळ, आणि सगळीकडे गुडघाभर गवत. शेळीवाल्या मावशीच्या शेळ्यांशिवाय तिथे कोणाला काही काम नव्हतं. मीटरवाल्यांनी तिथे नऊ होल आखले. आखले म्हणजे पावलांनी मोजून, खुंट्या ठोकून. रंगाचे रिकामे डबे जमिनीत पुरले. गवत राखणं शक्य नव्हतं, म्हणून प्रत्येक डब्याभोवती भट्टीची राख पसरली, वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर गॅरेजमधलं जळकं तेल शिंपडलं, आणि पोतं गुंडाळलेल्या फळीने ती ओढून सपाट केली. या राखेच्या गोलाला ते 'अंगण' म्हणत. अंगणात आपलं पाऊल उमटलं तर जाण्याआधी फळी ओढून ते पुसायचं, हा पहिला नियम. झेंड्यांना त्यांच्याच जुन्या शर्टांच्या बाह्या. त्यातल्या तीन शेळ्यांनी खाल्ल्या.

प्रत्येक होलला नाव होतं. पहिला 'ओटा', कारण भट्टीच्या ओट्यावरून मारायचा. चौथा 'काका', कारण धुराडं बरोबर मध्ये, घरातल्या बोलण्यात उगाच येऊन उभ्या राहणाऱ्या काकांसारखं. तिसरा 'सासूबाई'. कसाही मारा, पसंत पडायचं नाही.

"माझ्या सासूबाई अशा नव्हत्या हं," तिने ऐकलं तेव्हा म्हटलं.

"म्हणून तर आईच्या नकळत नाव देता आलं," ते म्हणाले. त्यांची आई जाऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती.

सातवा होल घळीतून जायचा. त्याचं नाव 'पोट'. पहिला फटका कितीही नीट मारला तरी बॉल घरंगळत पोटात जायचाच.

हळूहळू आणखी दोघे आले. एक टेलर, ज्याचं दुकान त्यांच्याच गल्लीच्या तोंडाशी होतं, आणि दुसरे दवाखान्यातले कंपाउंडर. तिघांत मिळून चार काठ्या. मंगळवार आणि शनिवार ठरलेले. नियम गरजेप्रमाणे वाढत गेले. शेळीच्या खुराच्या ठशात बॉल बसला तर काठीभर बाजूला घ्यायचा. कुत्र्याने पळवला तर तो जिथे टाकेल तिथून पुढे खेळायचं. शेळीला लागला तर फटका मोजायचा आणि मावशीची माफी मागायची.

"माफी घालून काय धार काढू?" मावशी ओरडायची. "तुमच्या त्या गोळीने माझी ही काळी आटली ना, तर तिघांना दावणीला बांधीन!"

"टेलरला बांधा," कंपाउंडर म्हणायचे, "मीटरवाले आकडे देतील, दूध नाही देणार."

एकदा त्या स्टोअरकीपरने खटपट करून मीटरवाल्यांना खऱ्या क्लबात एक सकाळ खेळायला मिळवून दिली. टेलरने खास पँट शिवली. ते गेले, नऊ होल खेळले आणि दुपारी परत आले ते गप्प. तिला वाटलं, कोणी पाणउतारा केला की काय.

"नाही गं, फार चांगली माणसं. पाणी विचारलं, खुर्ची दिली."

"मग?"

"गालिच्यावर चालल्यासारखं वाटलं. जिथे मारावा तिथे बॉल जातो आणि गेला की तिथेच बसतो. आपल्याकडे कसं, मारल्यावर जमिनीचं काय म्हणणं आहे ते ऐकायला थांबावं लागतं. विटेवर आपटेल, खड्ड्यातून उडेल, काकांना लागून उलटा येईल. चूक केली तर कधी बक्षीस मिळतं, बरोबर मारला तर मावशीच्या शिव्या. बत्तीस वर्षं मी आधीच ठरलेले आकडे वाचले. इथे आकडा ठरायचा असतो." एवढं बोलणं त्यांनी सबंध संसारात फार वेळा केलं नव्हतं. तिने ते वहीत लिहिलं, आणि शेवटी 'पँट कमरेत सैल' हेही लिहिलं.

तिला भट्टीवर नेलं ते भांडणामुळे. कंपाउंडर पोटात उतरले की बाहेर येईपर्यंत त्यांचे फटके कमी व्हायचे. चार मारून दोन सांगायचे आणि वर देवाची शपथ घ्यायचे. शेवटी टेलर म्हणाला, "वहिनींना बसवा हिशेबाला. त्यांच्या पेनासमोर खोटं बोलायची कोणाची छाती आहे?" मग ती मंगळवारी-शनिवारी फोल्डिंगची खुर्ची, थर्मास आणि वही घेऊन ओट्यावर बसू लागली. तिथून आठ होल स्वच्छ दिसत. फटका मारला की खेळणाऱ्याने हात वर करायचा, तिने रेघ ओढायची. फक्त पोटातलं दिसत नसे. त्यासाठी मीटरवाल्यांनी स्वतः नियम केला. पोटात ठोका ऐकून मोजायचं. ठोका ऐकू आला की फटका. वाद नाही.

कंपाउंडर म्हणाले, "म्हणजे आता आमच्या इमानाची किंमत वहिनींच्या कानावर?"

"तिच्या कानाची गॅरंटी माझी," मीटरवाले म्हणाले. "मी जिन्यात असताना ती वरून सांगते, आज डावी चप्पल झिजली आहे."

खरंच होतं ते. तिचे डोळे चष्म्यावर आले होते, पण कान तल्लख होते. इतक्या वर्षांत तिचा एक ठोका चुकला नाही. निदान तिला तसं वाटत होतं.

मीटरवाल्यांची इच्छा एकच. नऊ होल पंचेचाळीसच्या आत. क्लबात चाळीसच्या आत खेळणारे ढीगभर असतील, पण भट्टीवर पंचेचाळीस म्हणजे डोंगर. त्यांचा सगळ्यात चांगला आकडा शेहेचाळीस, तोही अकरा वर्षांत दोनदाच. दर वेळी निघताना ते चपला घालत म्हणायचे, "आज चव्वेचाळीस लिहायची तयारी ठेव गं."

बारा मार्चला सहा होल तीसमध्ये झाले. असं कधी झालं नव्हतं. सासूबाईसुद्धा पाचात पसंत पडल्या. सातव्यावर पहिला फटका मारून ते आणि टेलर पोटात उतरले. ती पेन धरून बसली. ठक. मग जरा वेळ काहीच नाही. मग पुन्हा ठक, आणि बॉल घळीच्या वर आला. त्यानंतर ते दोघे यायला बराच वेळ लागला. टेलर त्यांच्या मागे, अगदी अंगाशी. त्यांनी अंगणाजवळ एक फटका मारला, अंगणात दोन, आणि बॉल डब्यात गेला. राख पुसायला टेलरने फळी घेतली तेव्हा तिला वाटलं, आज बरं शहाणपण सुचलं याला.

"पाच," मीटरवाले खालून म्हणाले.

"सहा," ती वरून म्हणाली. "पोटात दोन ठोके झाले."

ते मान वर करून तिच्याकडे बघत राहिले. टेलरने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी त्याच्या दंडावर हात ठेवला. "तुझ्या वहीत सहा?"

"सहा."

"मग सहाच लिही."

आठव्यावर पाच झाले. नववा त्यांनी कसातरीच मारला, डावा हात नुसता मुठीला टेकवलेला. "आज काय ही नवी फॅशन?" ती ओट्यावरून ओरडली. ते हसले. चौथा फटका सरळ डब्यात गेला, डब्याचा टण्ण आवाज झाला, आणि ते त्या डब्याजवळ खूप वेळ उभे राहिले.

"किती गं?" त्यांनी विचारलं, माहीत असूनसुद्धा.

"पंचेचाळीस. एकाने हुकलं."

"चला," ते म्हणाले, "म्हणजे अजून एक सकाळ यावं लागणार."

तिला स्वतःचा थोडा अभिमानच वाटला. दुसऱ्या कोणाची बायको असती तर एक रेघ गिळली असती. तिने गिळली नाही, आणि त्यांनी कपाळाला आठी घातली नाही. आपलं असं घर, असं तिच्या मनात आलं. वाटेत त्यांची काठी टेलरने घेतली होती. घरी चहा सांडला. तो तिने लिहिला.

शनिवारी ते गेले नाहीत. टेलरला काम आहे म्हणाले. पुढच्या मंगळवारी कंटाळा आला म्हणाले. 'यांना कंटाळा. गेले नाहीत,' तिने लिहिलं. बुधवारी आंघोळीनंतर ते शर्टाचं बटण लावत होते, ते लागेना, आणि ते पलंगावर बसले ते आडवेच झाले. हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी विचारलं, "आजी, याआधी कधी पडले होते का? हात बधिर होणं, तोल जाणं, बोलताना अडखळणं, असं काही?"

"नाही," ती म्हणाली.

"नीट आठवा. आठ-दहा दिवसांत?"

"मला आठवावं लागत नाही. मी रोज लिहिते." आणि तिने पिशवीतून वही काढून डॉक्टरीणबाईंच्या हातात दिली. बाईंनी दहा दिवसांची पानं चाळली, अक्षराची तारीफ केली आणि वही परत दिली. मीटरवाले तीन दिवस होते. एकदा त्यांचे डोळे उघडले तेव्हा ती वाकली, पण त्यांना काही म्हणता आलं नाही. तेवीस मार्चला सकाळी सव्वानऊला ते गेले. तीही नोंद आहे.

सात महिने गेले. लांब राहणारी लेक दर रविवारी फोन करायची, "आई, इकडे ये ना." ती "बघू" म्हणायची. घर इतकं शांत झालं होतं की तिचे तल्लख कान तिलाच नकोसे झाले. खालच्या मजल्यावरची पावलं, फ्रीजची घरघर. ऑक्टोबरात स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. ताटलीवर थेंब पडायचा आणि ती मनातल्या मनात मोजायची. प्लंबर उद्या येतो म्हणायचा.

सतरा ऑक्टोबरच्या सकाळी टेलर आला. हातात ताडपत्रीची एक लांब पिशवी होती. चारही काठ्या मावतील अशी, खांद्याला पट्टा, बाहेरून बॉलसाठी खिसा. मीटरवाल्यांनी फेब्रुवारीत कापड दिलं होतं.

"उशीर झाला, वहिनी."

"सात महिने म्हणजे उशीर नाही, टेलर. तेवढ्यात लोक पोरीचं लग्न उरकतात," ती म्हणाली, कारण नेहमीचं टोचून बोलणं तेवढंच जमत होतं. मग तिने शिलाई पाहिली. टाके एकसारखे, दुहेरी. "सुंदर झाली आहे हो."

तो बसला नाही. उभ्यानेच म्हणाला, "भट्टीवर येता? एकदा. खुर्ची मी घेतो."

तिला जायचं नव्हतं. पण त्याचा चेहरा बघून तिने चपला घातल्या. वही घेतली, सवयीने.

गवत कमरेपर्यंत आलं होतं. अंगणं उडून गेली होती. काकांच्या पायाशी शेळ्या बसल्या होत्या, आणि पाचव्याच्या डब्यात मुंग्यांनी घर केलं होतं. शेळीवाल्या मावशीने लांबून तिला पाहिलं आणि एरवी तोंडाचा पट्टा चालवणारी ती बाई नुसती उठून उभी राहिली. टेलरने ओट्यावर खुर्ची उघडली, तिला बसवलं, आणि नवीन पिशवीतून मीटरवाल्यांची ती सरळ केलेली काठी घेऊन घळीत उतरला. दिसेनासा झाला.

ठक, असं तिने ऐकलं. जरा वेळाने पुन्हा, ठक.

"किती, वहिनी?" तो खालून ओरडला.

"दोन."

तो वर आला नाही. बराच वेळ गेला तेव्हा तीच उठली, गवत धरत-धरत कशीबशी घळीच्या काठापर्यंत गेली. टेलर खाली एका दगडावर बसला होता. काठी त्याच्या मांडीवर आडवी होती. तो रडत होता, बायकांसमोर रडायची सवय नसलेला माणूस रडतो तसा, नाक पुसत, आवाज दाबत.

"एकच, वहिनी," तो म्हणाला. "बॉल एकदाच मारला मी. पहिला ठोका या दगडाचा आहे."

तिला कळलं नाही. मग कळलं, पण अर्धंच.

"त्या दिवशी?"

"त्या दिवशी पाचच होते. काठी उगारली आणि ते पडले. डाव्या अंगावर. काठी दगडावर आपटली, तो तुमचा पहिला ठोका. मी उचललं. तोंड जरा वाकडं झालं होतं, दोन मिनिटांत सरळ झालं. म्हणाले, काही नाही, पाय घसरला. पण डावा हात उचलत नव्हता. नववा त्यांनी एका हाताने खेळला, वहिनी."

"आणि तुम्ही गप्प बसलात."

"शपथ घातली त्यांनी."

"सात महिने?"

"रोज सकाळी दुकान उघडताना ठरवायचो, आज सांगायचं. ती पिशवी म्हणजे चार दिवसांचं काम. संपली की तुमच्याकडे यावं लागणार, म्हणून उसवायचो आणि पुन्हा शिवायचो."

"मी त्याच दिवशी नेलं असतं त्यांना!" तिचा आवाज इतका चढला की वर शेळ्या दचकल्या. "त्याच दिवशी! आठ दिवस होते आपल्या हातात. कंपाउंडर असते तर त्यांनी बघताक्षणी ओळखलं असतं. मला का नाही सांगायचं? मला?"

टेलर काठीच्या मुठीवरची ट्यूबची पट्टी नखाने खरवडत राहिला.

"सांगा. काय म्हणाले ते?"

"नका विचारू, वहिनी."

"टेलर."

"म्हणाले, तिला कळलं तर ती आज वहीत लिहील, 'भट्टी बंद'. आणि तिचं लिहिलेलं मी आयुष्यात कधी खोडलेलं नाही." त्याने काठी मांडीवरून खाली ठेवली. "म्हणाले, बरा होईपर्यंत दम धर. एकदा चव्वेचाळीस लिहून घेतो तिच्याकडून, मग मीच सांगतो."

ती घळीच्या काठावरच खाली बसली, गवतात, साडीला कुसळं लागतील याचा विचार न करता. तिच्या डोळ्यांपुढे ते खालून वर बघणारं तोंड आलं. तुझ्या वहीत सहा? त्यांना एका शब्दाने सांगता आलं असतं. दगडाला लागली गं. पण मग तिने विचारलं असतं, कशी लागली? आणि तिने सोडलं नसतं. ते तिला ओळखत होते. म्हणून त्यांनी आपले चव्वेचाळीस तिथल्या तिथे देऊन टाकले, अकरा वर्षं ज्यासाठी राखेची अंगणं ओढली ते, आणि घरी येऊन त्या बधिर हातात चहाचा कप धरला. आणि ती वही तिने हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंच्या हातात दिली होती. त्यांचं पडणं त्या पानावर होतं. सातव्याच्या पुढे, एक जास्तीची रेघ होऊन.

"नियमाने पंचेचाळीसच होतात तसे," टेलर खालूनच म्हणाला. बोलायला काहीतरी हवं म्हणून. "ठोका ऐकला की फटका. नियम त्यांचाच."

"नियम बॉलच्या ठोक्याचा होता," ती म्हणाली. "माणूस पडल्याचा नव्हता."

त्याने तिला हात देऊन उठवलं. परत येताना तो काही तरी विचारत होता, माफ केलं का असं काहीसं, पण ती साडीची कुसळं काढत चालत राहिली. गल्लीच्या तोंडाशी त्याच्या दुकानापुढे मात्र ती थांबली. "शनिवारी या," ती म्हणाली. "चहाला. कंपाउंडरांना पण आणा. त्यांना मी सांगेन." टेलरने मान हलवली. पिशवी त्याने तिच्या दारात नेऊन ठेवली.

संध्याकाळी दिवा लावून ती टेबलाशी बसली. बारा मार्चचं पान काढलं. शाळेत सिस्टर सांगायच्या, चूक झाली तर गिरवून काळं करायचं नाही, आपण काय चुकलो ते खालून वाचता आलं पाहिजे. एक सरळ रेघ, वर बरोबर शब्द, बाजूला आजची तारीख आणि सही. हे तिला पाठ होतं, पण एकोणपन्नास वर्षांत करायची वेळ आली नव्हती. तिने पट्टी घेतली. पंचेचाळीसवर रेघ ओढली, वर चव्वेचाळीस लिहिलं. आकडा लिहिल्यावर बरं वाटेल असं तिला भट्टीवरून येताना वाटलं होतं. वाटलं नाही. आकड्याला कारण लागतं, नाहीतर पुढे वाचणाऱ्याला कळणार कसं? तिने पेन उचललं, ठेवलं, चष्मा पुसला. मग सातव्याच्या ओळीत, जिथे 'ठोके दोन ऐकले' होतं, त्याच्यावर रेघ मारून बारीक अक्षरात लिहिलं, 'इथे हे पडले.' ते तीन शब्द लिहायला तिला इतका वेळ लागला की मधे एकदा निबेवरची शाई सुकली.

मग आजचं पान. तारीख घातली. टेलर आले, पिशवी दिली, शिलाई दुहेरी, हे लिहिलं. भट्टीवर गेलो, गवत फार, हे लिहिलं. आणखी काय लिहावं ते सुचेना. स्वयंपाकघरात ताटलीवर थेंब पडत होता, एक, आणि जरा वेळाने आणखी एक. ती उठून आत गेली, आली, आणि बसून शेवटची ओळ लिहिली.

'प्लंबर आजही आला नाही. नळाखाली जाड फडकं घडी करून ठेवलं. आता आवाज येत नाही.'